कारण कळलं नाही

अप्पा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि गेल्या दोन वर्षांत मी तुमच्याशी जितकं बोलले तितकं तुम्ही होता तेव्हाही बोलले नसेन. बोलले म्हणजे मनात. तोंडानं बोलायचं तर मला आता आधी विचार करावा लागतो, आणि तो का हे सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. आज शाळेला सुट्टी आहे. सकाळचे दहा वाजलेत. कुंभकोणमच्या घरात मी एकटी आहे आणि केस दोन चापांनी मागे घट्ट बसवून पंख्याखाली बसले आहे. अक्षर बघून हसू नका. बाहेर दिवसभर तमिळ, फळ्यावर तमिळ, किराण्याची यादीसुद्धा तमिळ, देवनागरी लिहायला हात अडखळतो. मध्ये एका लग्नात पुण्याच्या एक बाई भेटल्या. मी कोणाला तरी काही ‘पुसलं’ म्हणाले तर त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही तर फळा पुसतो." मी म्हटलं, आमच्या तंजावरच्या मराठीत प्रश्न आणि फळा दोन्ही पुसतात. तुम्ही असता तर तीन दिवस हेच सांगत फिरला असता.

दोन वर्षांपूर्वी मार्गळीच्या, डिसेंबरअखेरच्या थंडीत मी मागच्या दारी नळाशी दात घासत होते. डाव्या नाकपुडीपासून जबड्यापर्यंत एकदम काहीतरी सणकलं. ओल्या हातानं बटण दाबताना झटका बसतो ना, तसं, पण आत, गालाच्या हाडातून. ब्रश हातातून पडला. मी नळ धरून उभी राहिले, आणि तीन-चार सेकंदांत सगळं गेलं. गाल पूर्वीसारखा. सूज नाही, लाली नाही. आरशात पाहिलं तर डोळ्यातून पाणी वाहत होतं एवढंच. वाटलं, दाढ किडली असणार. दुपारी डब्यातला पहिला घास तोंडात घातला आणि पुन्हा तेच. शेजारी बसलेल्या शिक्षिकेला वाटलं मला ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला पुढं केला, मी ओठ लावला, आणि तिसऱ्यांदा तेच.

दातांच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. वीस दिवसांनी तिच्या शेजारची काढली. तिसऱ्या वेळेला मी खुर्चीवर बसले तर तो बराच वेळ दिवा धरून आत पाहत राहिला, मग दिवा बंद केला आणि म्हणाला, "टीचर, मी तुमच्या चांगल्या दाढा काढतोय असं मला वाटायला लागलंय. हे दाताचं नाही. तंजावरला नसांच्या डॉक्टरकडे जा." आपली चूक माणसं इतक्या सरळ सांगत नाहीत. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तुमची आठवण आली.

तंजावरची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिनं कापसाचा बोळा घेऊन माझ्या चेहऱ्यावर ठिकठिकाणी हलकेच टेकवला, आणि एका जागी टेकवायच्या आधीच मी मान मागे घेतली. तिनं ओळखलं. मेंदूतून चेहऱ्याकडे एक नस येते, त्या नसेला आत एक रक्तवाहिनी घासते, आणि मग नस वेडी होते, साध्या स्पर्शाला दुखणं समजते, असं तिनं कागदावर चित्र काढून सांगितलं. गोळ्या दिल्या. मग म्हणाली, "गोळी देणं माझं काम. पण कशानं उठतं, हे मला बसल्या जागी कळणार नाही. ते तुम्हालाच शोधावं लागेल. एक वही घाला. वेळ लिहा, आणि त्या क्षणी नेमकं काय करत होता ते लिहा." मला हसू आलं. हसल्यावर गाल हलला आणि झटका आला, तरी हसू थांबेना. ती बिचारी घाबरली. तिला कसं सांगणार, की ही वही घालायला मी नऊ वर्षांची असताना शिकले आहे.

आडुतुरैला भाताच्या संशोधन केंद्रात तुम्ही नोकरीला होता, आणि आपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. तुमचं काम बांधावरून चालायचं आणि मोजायचं. एका चुडाला, रोपांच्या झुबक्याला, किती फुटवे, दहा चुडांवर किती तुडतुडे, लोंबी बाहेर पडली तो दिवस कोणता. सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या मागून बांधावरून चालते आहे. तुमच्या शर्टाच्या खिशात पेन्सिल, हातात वही, वहीत चार खाने. तारीख, वेळ, पाहिलं ते, आणि शेवटी शेरा. मी एकदा वाकून पाहिलं आणि म्हटलं, "अप्पा, येथे रोप पिवळं पडलं, पाणी जास्त झालं असं लिहा ना." तुम्ही थांबलात. म्हणालात, "रोप पिवळं हे पाहिलं. पाणी जास्त हे तुला वाटलं. वाटलेलं शेऱ्यात लिही. पाहिल्याच्या खान्यात वाटलेलं घातलंस की मग पुढच्या माणसाला खरं कधीच मिळत नाही." मला काही कळलं नव्हतं, पण खाने लक्षात राहिले.

तर मी तसेच चार खाने आखले. आणि पहिल्या महिन्यात शेऱ्याचा खाना बाकीच्या तिन्हींपेक्षा भरला, कारण वाटणारे पुष्कळ होते. शेजारच्या मामींना वाटलं वायू आहे, बटाटा आणि वांगं सोडा. मी तीन आठवडे सोडलं. वहीत काही फरक नाही. शाळेतल्या शिपायाला वाटलं अमावास्येला वाढत असणार. दोन अमावास्या पाहिल्या, दोन्ही दिवस उलट बरे गेले. मला स्वतःला खात्री होती की वारा. बसच्या खिडकीत बसलं की दुखायचं, पंख्याखाली दुखायचं. म्हणून मी पंखा बंद केला. चित्रैच्या ऐन उन्हाळ्यात, कुंभकोणममध्ये, पंखा बंद करून घामात बसायचे. मग एक दिवस न्हाऊन केस ओल्या टॉवेलात गुंडाळून चुकून पंख्याखाली बसले, आणि अर्धा तास काही झालं नाही. टॉवेल काढला, केस सुटले, आणि दोन मिनिटांत झटका. तेव्हा कळलं की वारा नव्हे. वाऱ्यानं उडालेली एक बट नाकपुडीशेजारी येऊन लागत होती. रुपयाच्या नाण्याएवढी जागा आहे, नाकपुडी आणि ओठाचा कोपरा यांच्या मधली. तिथं काही हलकं लागलं की संपलं. जोरानं दाबलं तर काही होत नाही, हलकं मात्र चालत नाही. दोन चाप आणले आणि पंखा परत मिळाला. अप्पा, त्या दिवशी मी शेऱ्यात ‘वारा’ खोडून पाहिल्याच्या खान्यात ‘केसांची बट’ लिहिलं. तुम्ही बांधावर नवीन किडा ओळखलात की घरी येऊन हातपाय न धुताच आईला सांगायचात, तसं ते मला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी चेन्नईला. मग तुम्हाला सांगितलं.

हळूहळू बाकीचंही सापडलं. सकाळची फिल्टरची कापी पेल्याला ओठ लावून प्यायले की उठतं, वरून ओतून प्यायले की उठत नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात, पेला उष्टा करू नकोस म्हणून हात धरून शिकवलं होतं, तेव्हा मी मनात चिडले होते. पहिला घास कठीण, पाचवा सोपा. सकाळी उठल्यावर तासभर ओठांना ओठ लागणारी अक्षरं नकोत. प, ब, म. शाळेत पहिला तास आठवीचा असतो, गणिताचा. मी काय करते, गणित फळ्यावर लिहिते आणि मुलींना मोठ्यानं वाचायला लावते. त्यांना वाटतं टीचरनं नवी पद्धत काढली. आणि एक गोष्ट अशी सापडली जी डॉक्टरनंही आधी सांगितली नव्हती. एकदा झटका येऊन गेला की दोन-तीन मिनिटं ती जागा बधिरासारखी होते. त्या वेळात काहीही करा, काही उठत नाही. तेवढ्यात मी तोंड धुऊन घेते, पावडर लावते, दोन घास पटपट खाते. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाली, हो, असं होतं, पण कोणी इतकं नीट पाहत नाही. मी म्हटलं, मला पाहायला शिकवलेलं आहे.

इथपर्यंत सगळं तुम्हाला आवडण्यासारखं आहे. पुढचं आवडणार नाही, पण तेच सांगायचं आहे.

मागच्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आली. तिनं चेन्नईत तिच्या ऑफिसातल्या तमिळ मुलाशी लग्न केलं हे तुम्हाला ठाऊक नाही. तिनं मला ते फोनवर सांगितलं तेव्हा मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. नंतर बोलले, लग्नही उभं राहून केलं, जावई चांगला आहे, पण तो महिना तिच्या मनातून गेला नसावा. सातव्या महिन्यात ती आली, आम्ही दोघी तिरुक्करुगावूरला जाऊन सुखरूप बाळंतपणासाठी देवीचं तेल घेऊन आलो, आणि वेळेवर तिला मुलगी झाली. अकराव्या दिवशी नाव ठेवायला घर भरलं होतं. मुलीनं बाळ माझ्या हातात दिलं. मी सवयीनं डाव्या खांद्यावर घेतलं. त्या जिवानं मूठ उघडली आणि बोटं माझ्या गालावरून फिरवली. नेमकी त्या जागेवरून, आणि नेमकी हलकी.

मी बाळाला टाकलं नाही, पण टाकलं असतं. हात सुटत होते. मी जवळजवळ ढकलूनच ते मुलीच्या मांडीवर दिलं आणि आत गेले. बायका बघत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, दूध उतू गेलं असेल. मी आत ओट्याला धरून उभी आहे, डोळे मिटलेले, आणि बाहेर कोणीतरी बाळाचं नाव कानात सांगते आहे, ते मला ऐकू येतं आहे.

त्या दुपारी वही काढली. वेळ लिहिली, दहा चाळीस. पाहिल्याचा खाना आला आणि हात थांबला. त्याच पानावर वरती काय काय होतं? ब्रश. दोशाची कडक कड. केसांची बट. त्यांच्याखाली मी त्या अकरा दिवसांच्या पोरीला कशी लिहू? मी लिहिलं, ‘कारण कळलं नाही.’

त्यानंतर मी बाळाला टाळू लागले. उजव्या खांद्यावर घेता आलं असतं, पण लहान मुलाचे हात कुठं जातील याचा नेम नसतो, आणि मला दुखण्यापेक्षा हात सुटण्याची भीती जास्त होती. मुलगी बाळ पुढं करी आणि मी सांगे, हात ओले आहेत, शाळेचे पेपर तपासायचेत, घसा धरलाय, तिला लागेल. आंघोळ घालायला एक बाई ठेवली. कापडं मी धूत होते, पथ्याचं सार-भात मी करत होते, रात्रीचं लंगोट बदलणं मी करत होते, फक्त छातीशी धरत नव्हते. तरी कधी ना कधी घ्यावंच लागे, आणि झटका येई. दोन महिन्यांत सहा वेळा. सहाही वेळा वहीत तेच वाक्य. मुलगी हळूहळू बाळ पुढं करेनाशी झाली. एकदा ती नवऱ्याशी फोनवर तमिळमध्ये बोलत होती, मी दाराशी आले तर गप्प झाली.

डॉक्टरनं वही पाहिली. काही न करता झटके येताहेत म्हणजे दुखणं वाढलंय, असं तिला वाटलं. वाटणारच. तिनं पाहिल्याचा खाना वाचला. तिनं गोळी वाढवली. आठ-दहा दिवसांत मला चालताना जमीन डावीकडे उतरल्यासारखी वाटू लागली. वर्गात सात आठे चोपन्न लिहिलं, मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. घरी मुलीला हाक मारायला गेले तर तिचं नाव आठवेना, क्षणभर, पण आठवेना. आणि एका सकाळी मागच्या दारी दोरीवर लंगोट वाळत घालताना मी पडले. मुलगी बाळंतीण, पण धावत आली, मला काखेत धरून उचललं, ऑटो बोलावली. इस्पितळात सांगितलं, रक्तातलं सोडियम फार उतरलंय, या गोळीनं उतरतं. दोन दिवस सलाईन.

दुसऱ्या दिवशी तंजावरच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं. मुलगी खाटेशेजारी स्टुलावर, बाळ मांडीत, फोन तिच्या हातात, स्पीकर लावलेला. डॉक्टर म्हणाली, "टीचर, गोळी कमी करते आहे. पण एक सांगा, बाकी सगळ्या झटक्यांची कारणं तुम्ही इतकी बारीक लिहिलीत, बट लिहिलीत, पेला लिहिलात. मग हे सहाच बिनकारणाचे कसे?"

आणि अप्पा, मला दवाखान्याच्या त्या खोलीत तुमचा आवाज ऐकू आला. तुम्हाला आठवत असेलच. क्वार्टर्सच्या मागे तुम्ही हौसेनं स्वतःचं एक पर्जन्यमापक ठेवलं होतं. मी बारा वर्षांची. तुम्ही आणि आई तीन दिवस तंजावरला लग्नाला गेलात, मला शेजारच्या घरी ठेवलंत, आणि त्याच्या पेटीची किल्ली देऊन सांगितलंत, रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापून लिही. पहिल्या दिवशी मी मापलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गायीला वासरू झालं होतं, मी तिथंच रमले, आणि दुपारी वहीत अंदाजानं चार मिलिमीटर लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी नीट मापलं, एकवीस आलं, तेही लिहिलं. संध्याकाळी तुम्ही परत आलात, पायांतल्या वहाणा न काढता वही पाहिलीत. पुसलंत, "काल पाऊस झाला का ग?" मी म्हटलं, "नाही अप्पा, चांगलं ऊन होतं." "रात्री?" "रात्रीही नाही." "मग आज बाटलीत एकवीस कोठून आलं? काल सकाळी बाटली रिकामी केलीच नाहीस ना?"

तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या चारच्या आकड्यावर एकच रेघ मारलीत, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी लिहिलंत, ‘वाचन घेतले नाही.’ मग म्हणालात, "घेतलं नाही असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. माणसाकडून राहून जातं. पण येथे चार लिहिलंस, म्हणून कालचं खोटं झालं आणि आजचंही बिघडलं." मी रडत होते. आई म्हणाली, पुरे, पोर आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा दोन दिवस गावाला गेलात आणि जाताना किल्ली पुन्हा माझ्याच हातात ठेवलीत. आयुष्यात मला बऱ्याच वस्तू मिळाल्या, पण त्या किल्लीसारखं काही मिळालं नाही.

मी डॉक्टरला म्हटलं, "कारण ठाऊक आहे. लिहिलं नाही." मुलीकडे वही आणि पेन मागितलं. सलाईन उजव्या हाताला होतं, डाव्या हातानं सहा ओळींवर सहा रेघा मारल्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी वाकड्या अक्षरात लिहिलं, ‘बाळाचा हात.’ एके ठिकाणी ‘बाळाचा श्वास.’ वही मुलीला दिली. तिनं वाचली. तारखा पाहिल्या. पहिल्या तारखेवर तिनं बोट ठेवलं.

"हे नाव ठेवलं त्या दिवशीचं?"

"हो."

"आई, मला वाटलं तुला ती नको आहे." ती रडत नव्हती, अगदी साध्या आवाजात सांगत होती. "त्याच्या घरची म्हणून. अर्धी आपली नाही म्हणून. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा."

मी नुसती मान हलवली, नाही, नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्या पानावर तिचं लिहायचं नव्हतं मला."

ती वैतागली. तुमच्यासारखीच वैतागते, आवाज आणखी खाली जातो. "पानावर लिहिलंस म्हणून तिच्यावर आळ येतो का? तिला काय ठाऊक? तू पडलीस, ते बरं झालं? ती हातात असताना पडली असतीस तर?" मग म्हणाली, "कोठे लागतं ते दाखव." मी बोट दूर धरून दाखवलं. तिनं वाकून, हात मागे बांधून, माझ्या गालाकडे असं पाहिलं, जसं तुम्ही पानाच्या मागच्या बाजूला भिंगातून पाहायचात. "एवढंच? एवढी जागा चुकवायची आहे फक्त?"

घरी आल्यावर तिनं सगळं हातात घेतलं. बाळाला हातमोजे, डोक्याला मऊ टोपी, उजवा खांदा, आणि मी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलेली, म्हणजे हात सुटले तरी मांडीतच पडेल. वही तिनं पहिल्या पानापासून वाचली. बधिर मिनिटांचं वाचलं तेव्हा तिनं मला दोनदा पुसलं, "नक्की? त्या वेळात काहीच होत नाही?" मी म्हटलं, दोन मिनिटं नक्की, तिसऱ्याची खात्री नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणघरात पहिला घास घेतला, झटका आला, डोळे मिटून बसले. तो गेला, डोळे उघडले, तर समोर ती बाळाला घेऊन उभी. हातमोजे काढलेले. "घे," म्हणाली, "डावीकडे घे." मी घेतलं. पोरीनं माझा गाल धरला, नाक ओढलं, तोंडात बोट घातलं, लाळ लावली, आणि मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी होती. दोन मिनिटं झाली आणि तिनं बाळ परत घेतलं. पुढचे पाच आठवडे, ती चेन्नईला जाईपर्यंत, असंच चाललं. झटका कधी येईल याची वाट पाहणारी माणसं जगात थोडी असतील. त्या पाच आठवड्यांत मी होते.

आता गोळी दुसरी आहे, कमी आहे. दुखणं गेलेलं नाही. मध्ये दोन महिने अजिबात नव्हतं, मग पुन्हा आलं. डॉक्टर ऑपरेशनचं बोलते. कानामागून उघडून ती रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करतात म्हणे. मी निवृत्तीनंतर बघू म्हटलं आहे. नात आता चालते. व्हिडिओ कॉलवर पडद्याला तोंड लावते आणि माझ्याशी तमिळ आणि मराठी एकत्र करून बोलते. मुलगी मध्येच पुसते, "आज किती वेळा?" मी खरा आकडा सांगते. पूर्वी निम्मा सांगत असे.

हे पत्र मी कोठे धाडणार? घडी करून लोखंडी कपाटात ठेवीन, तुमच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. तुम्ही गेल्यावर त्या मीच आडुतुरैहून आणल्या होत्या, पण मागच्या महिन्यात पहिल्यांदा सलग वाचल्या. निवृत्तीनंतरही तुम्ही रोजचा पाऊस लिहीत होता, जायच्या चार दिवस आधीपर्यंत. पाऊस आहे, ऊन आहे, दारच्या नारळावरचा भुंगा आहे, आईचा ताप आहे. तुमच्याविषयी एक ओळ नाही. साखर होती तुम्हाला, बारा वर्षं, आणि पायांची आग होत होती हे मला आता, माझ्या डॉक्टरच्या खोलीबाहेर बसून इतर रोग्यांचं बोलणं ऐकून कळतं. शेवटच्या उन्हाळ्यात मी आले होते, तेव्हा तुम्ही मागच्या पायरीवर बसून बादलीत पाय घालून होता. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी पुसलं, "अप्पा, पाय का असे?" तुम्ही म्हणालात, "उष्णता, ग." मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, अप्पा. ते उष्णतेचं तोंड नव्हतं, हे मला दिसलं होतं. पण साडेपाचची कुंभकोणमची बस होती, आणि तुमचा शब्द मला सोयीचा होता. मी तो घेतला आणि निघाले.